सिसिली: दहा रात्री, समुद्रकाठची कोणती गावं घ्यावीत?

मुळाकाठ (१२ जानेवारी, रात्री १०:०५)

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात सिसिलीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं: आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. लेकीची शाळा जूनच्या मध्यावर उघडते, त्यामुळे तारखा फार हलवता येणार नाहीत. दहा रात्री आहेत.

यजमानांनी तक्ता केलाय. कतानिया, ताओर्मिना, सिराकूझा, मार्त्सामेमी, अग्रिजेंतो, त्रापानी, सान वितो लो कापो, चेफालू, पालेर्मो. दहा रात्रींत नऊ गावं. तो तक्ता बघूनच मला दम लागला. बॅगा भरायच्या, उघडायच्या, परत भरायच्या, आणि सासूबाईंनी प्रत्येक वेळी नवा जिना चढायचा. त्यांचे गुडघे दुखतात. कठडा धरून एक मजला चढतात, त्याहून जास्त नको. पण सपाटीवर संध्याकाळी तासभर सहज चालतात.

माझं लहानपण मालगुंडला गेलं. समुद्र म्हणजे संध्याकाळी चपला अडकवून पाच मिनिटांत जायची जागा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गाडीनं पाऊण तास जाऊन बघायचा समुद्र मला सुट्टीचा वाटतच नाही. म्हणून गावंच अशी हवीत की समुद्र दारात असेल आणि समुद्राशिवायही गावाला स्वतःचं काही असेल.

प्रश्न असे: यातली कुठली गावं ठेवावीत, कुठली सोडावीत? गाडी भाड्यानं घ्यावी का? सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत, त्यांचं कसं होईल? आम्ही तिघं मासे खातो.

दर्यावर्दी (१२ जानेवारी, रात्री ११:४०)

मी शिकायला बोलोन्यात होतो तेव्हा चार वेळा सिसिलीला गेलो, त्यातला एक उन्हाळा जवळजवळ पूर्ण. त्यामुळे जरा मोठं लिहितो.

आधी नकाशा. भूमध्य समुद्रातलं हे सगळ्यात मोठं बेट, सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. कतानियाहून पालेर्मोला बसनं पावणेतीन तास लागतात, पालेर्मोहून त्रापानी आणखी दोन. नऊ गावं म्हणजे सुट्टी बसस्थानकांवर जाणार. माझ्या मते दोनच मुक्काम ठरवा, एक पूर्व किनाऱ्यावर आणि एक उत्तर किनाऱ्यावर. विमान कतानियाला उतरणारं आणि परतीचं पालेर्मोहून घ्या, म्हणजे आल्या वाटेनं उलटं जावं लागणार नाही. यानंच तुमचा एक अख्खा दिवस वाचेल.

पूर्वेला मी डोळे मिटून सिराकूझा सांगेन, आणि राहायचं ते ओर्तीजातच. ओर्तीजा हे सिराकूझाचं जुनं गाव, पुलांनी जोडलेलं छोटं बेट, जेमतेम एक किलोमीटर लांब. कुठल्याही गल्लीत शिरलात तरी दहा मिनिटांत समुद्र लागतो. जवळजवळ सगळं सपाट आहे, सासूबाईंना त्रास होणार नाही. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात कोरिंथच्या ग्रीकांनी वसवलेलं हे शहर. आर्किमिडीज इथलाच, आणि ख्रिस्तपूर्व २१२ मध्ये रोमनांनी शहर घेतलं तेव्हा मारला गेला तोही इथंच.

पण ओर्तीजाची माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे तिथलं कॅथेड्रल. समोरून बघाल तर १६९३ च्या भूकंपानंतर बांधलेला नक्षीदार दर्शनी भाग. मग डाव्या अंगाच्या गल्लीत वळा. बाहेरच्या भिंतीत जाडजूड दगडी खांब अर्धे गाडल्यासारखे दिसतात. ते अथीनाच्या देवळाचे खांब, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातले. देऊळ पाडलं नाही, खांबांमधल्या जागा चिणून त्याचंच चर्च केलं. अडीच हजार वर्षं त्याच जागी कुणी ना कुणी प्रार्थनेला येतंय. मी पहिल्यांदा त्या खांबावर हात ठेवला तेव्हा बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

उणं काय तेही सांगतो. ओर्तीजाला वाळूचा मोठा किनारा नाही. खडकांवरून किंवा एका छोट्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरतात. वाळू हवी तर बसनं दक्षिणेला फोंताने बियांके किंवा आरेनेल्ला.

उत्तरेला चेफालू. त्याबद्दल उद्या लिहितो, आता उशीर झाला.

घाटमाथा (१३ जानेवारी, सकाळी ८:१५)

ताओर्मिना सोडू नका हो! आम्ही लग्नानंतर गेलो होतो. ग्रीक रंगमंडलाच्या पायऱ्यांवर बसलं की समोर पडक्या कमानींमधून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला एटना ज्वालामुखी दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी एटनाच्या माथ्यातून धूर निघत होता. तसं दृश्य मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही.

दर्यावर्दी (१३ जानेवारी, सकाळी ९:३०)

घाटमाथा, दृश्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण मुळाकाठ यांची अट आहे दारातल्या समुद्राची. ताओर्मिना समुद्रापासून दोनेकशे मीटर उंचावर आहे. रेल्वे स्टेशन खाली, गाव वर, पोहायचा किनारा परत खाली. मात्सारोहून वर यायला केबल कार आहे, पण ती धरूनही पायऱ्या पुष्कळ. शिवाय मोठ्या प्रवासी जहाजांची माणसं दुपारी तिथं उतरतात, तेव्हा मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. खोल्यांचे भावही बेटावरच्या सगळ्यात चढ्यांपैकी.

मधला मार्ग म्हणजे कतानियाहून बसनं एक दिवस जाऊन यायचं, सकाळी लवकर. किंवा तिथंच राहायचं तर खाली जार्दिनी नाक्सोसला. सपाट रस्ता, लांबलचक किनारा, आणि ग्रीकांची सिसिलीतली पहिली वसाहत तीच.

हिरवीमिरची (१३ जानेवारी, दुपारी १:०२)

क्रीटचा विचार केलात का? हान्याचं जुनं बंदर फार सुंदर आहे, आणि मे महिना तिथंही छान.

मुळाकाठ (१३ जानेवारी, दुपारी २:२०)

हिरवीमिरची, केला होता. पण लेकीला धगधगता डोंगर बघायचाय, त्यामुळे सिसिली पक्की. दर्यावर्दी, खूप खूप धन्यवाद. खांबांची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली, त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

आगरकन्या (१३ जानेवारी, रात्री ९:४८)

सगळे पूर्वेचंच सांगतायत म्हणून मी पश्चिमेची बाजू मांडते. त्रापानी.

माझं माहेर उरणकडचं. आजोबांची मिठागरं होती, आम्ही आगरी ते त्या आगरावरूनच. त्यामुळे त्रापानीच्या दक्षिणेला गाडीतून उतरल्यावर समोर चौकोनी खाचरं, बांध, आणि पाण्यावर चढलेली गुलाबी झाक दिसली तेव्हा मला घरीच आल्यासारखं झालं. फरक एवढाच की मध्ये पवनचक्क्या उभ्या. पूर्वी त्या पाणी चढवायला आणि मीठ दळायला वापरत. आणि मिठाच्या राशी! आमच्याकडे रास पेंढ्यानं नाहीतर ताडपत्रीनं झाकतात. तिथं राशीवर भाजलेली कौलं एकावर एक रचतात, अगदी घर शाकारल्यासारखी. लांबून बघितलं तर जमिनीतून नुसती छपरं उगवल्यासारखी दिसतात. तिथल्या माणसाला मी मोबाइलवर आजोबांच्या आगराचा फोटो दाखवला. त्यानं फोटोतल्या फावड्याकडे बोट दाखवलं आणि आत जाऊन स्वतःचं लाकडी फावडं घेऊन आला. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण बांध कुठं फोडायचा आणि पाणी कधी वळवायचं हे आम्ही हातवाऱ्यांनी अर्धा तास बोललो.

मीठ काढायचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. मेअखेरीस खाचरं भरलेली दिसतील, कौलांखालच्या राशी मात्र गेल्या वर्षीच्या असल्या तर.

त्रापानीहून फावीन्याना बेटावर वेगवान बोटीनं अर्धा-पाऊण तासात जाता येतं. बेट सपाट, सायकली भाड्यानं मिळतात. काला रोस्साचं पाणी काचेसारखं. एके काळी इथं ट्यूना माशाची मोठी शिकार चालायची, फ्लोरिओ घराण्याचा मासे डबाबंद करायचा कारखाना आता संग्रहालय आहे. खायला माशाच्या कालवणातलं कुस्कुस, ते समोरच्या ट्युनिशियाकडून आलेलं.

स्कोपेल्लो ते सान वितोच्या मधलं झिंगारो अभयारण्यही मला फार जवळचं. तिथं किनाऱ्यानं मोटाररस्ता होणार होता. १९८० मध्ये हजारो माणसं चालत गेली, रस्ता अडवला, आणि पुढच्या वर्षी ते सिसिलीचं पहिलं राखीव निसर्गक्षेत्र झालं. आजही सात किलोमीटरची पायवाटच आहे. पाणी आणि टोपी घेऊन जावं लागतं. पण मुळाकाठ, ही वाट सासूबाईंना जमणारी नाही, चढउतार आहे आणि सावली नाही.

दर्यावर्दी (१४ जानेवारी, सकाळी ७:५५)

आगरकन्या, वाहवा. मी त्रापानीला दोनदा गेलोय, पण मिठागरांकडे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

आता चेफालू. पालेर्मोहून गाडीनं साधारण तासभर, स्टेशनापासून गाव चालत दहा मिनिटं. गावाला लागूनच वाळूची लांब चौपाटी, सुरुवात सपाट, लहान मुलांना बरी. पाठीशी ला रोक्का नावाचा सुमारे २७० मीटर उंच कातळ आणि त्याच्या पायाशी नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरनं ११३१ मध्ये सुरू केलेलं कॅथेड्रल. आत वेदीच्या वर सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचं भव्य मोझेइक. पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तूंबरोबर हे कॅथेड्रल २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं.

वाळूवर तुमची लेक खेळेल, सासूबाई धक्क्यावर बसतील, आणि रात्री जेवून सगळे चालत घरी. तुम्ही मालगुंडचं लिहिलंत ना, तसं मला चेफालूतच वाटलं. पुरुषमंडळी संध्याकाळी धक्क्यावर येऊन नुसती बसतात. आपल्याकडे पारावर बसतात तशी.

पाण्याची एक सूचना: मेअखेरीस समुद्र १९-२० अंश असतो. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला पहिली बुडी झोंबते. पाणी खरं उबदार होतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, पण ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आसपास, अख्खी इटली किनाऱ्यावर असते. शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मेअखेर-जूनची सुरुवात हाच काळ उत्तम. उजेडही आठ वाजून गेले तरी असतो.

पाऊलखूण (१४ जानेवारी, सकाळी ९:१०)

चेफालूला +१. धागा वाचनखुणेत साठवला.

तिखटमीठ (१४ जानेवारी, दुपारी ३:३०)

शाकाहाराचं मी सांगते, कारण माझी आई बरोबर होती आणि तीही अंडं खात नाही.

सिसिलीत शाकाहारी माणसाचं उत्तम होतं, फक्त विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे तळलेली वांगी, टोमॅटो आणि वर खारवलेलं रिकोत्ता चीज, हा कतानियाचा पदार्थ. दक्षिणेकडचा सुका पास्ता रव्याचा असतो, त्यात अंडं नसतं. ताजा पास्ता असेल तर मात्र विचारा. कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी, गार खातात. आईला ती इतकी आवडली की रोज मागवायची.

आता फसवणाऱ्या गोष्टी. स्फिंचोने दिसायला कांदा-टोमॅटो घातलेला जाड पावासारखा पिझ्झा, पण त्यात खारवलेले बारीक मासे असतात. तळलेल्या भाताच्या गोळ्यात बहुतेकदा खिमा असतो, 'लोण्याचा' म्हणून मिळतो त्यातही हॅम असू शकतं, पालकाचा मागायचा. (त्याला पालेर्मोत आरांचिना म्हणतात, कतानियात आरांचिनो. दोन्ही गावं आपापल्या शब्दाबद्दल फार हळवी आहेत, ज्या गावात असाल तिथला शब्द वापरा.) कान्नोली या आत रिकोत्ता भरलेल्या गोड नळीचं कवच परंपरेनं डुकराच्या चरबीत करतात, ते आईनं सोडलं. सकाळी लोक ग्रानिताबरोबर, म्हणजे बर्फाळ सरबताबरोबर, ब्रिओश खातात, त्या पावात अंडं असतं. नुसती बदामाची ग्रानिता मागवा.

हे वाक्य कागदावर लिहून न्या: 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आच्चुगे, सेन्त्सा उओवा', म्हणजे मांस, मासे, खारवलेले मासे आणि अंडी नकोत.

आणि स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. मेतकूट, पोह्याचे पापड, चटण्या खुशाल न्या. पण तूप, पेढे, खव्याचं किंवा दुधाचं काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईची तुपाची बरणी विमानतळावर गेली तेव्हा तिला फार वाईट वाटलं होतं. ते घरचं, लोणी कढवलेलं तूप होतं.

पालेर्मोत बल्लारो बाजाराच्या आसपास बांगलादेशी आणि तमिळ लोकांची किराणा दुकानं आहेत, डाळी-मसाले मिळतात.

वांद्रेकर (१४ जानेवारी, संध्याकाळी ६:१२)

तमिळ लोकांचा विषय निघाला म्हणून. पालेर्मोची ग्रामदेवता म्हणावी अशी सांता रोसालिया. १६२४ च्या प्लेगमध्ये तिनं शहराला तारलं अशी श्रद्धा आहे, जुलैच्या मध्यात मोठी जत्रा असते. शहराबाहेरच्या मोंते पेल्लेग्रिनोवर गुहेत तिचं ठाणं आहे, आणि तिथं श्रीलंकेहून आलेले हिंदू तमिळही भक्तिभावानं जातात. आमच्या माउंट मेरीला सप्टेंबरात जशी सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन येतात, तसंच. वर बस जाते, सासूबाईंना नेता येईल.

चाकोरी (१४ जानेवारी, रात्री १०:३०)

गाडीबद्दल. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आरटीओतून आधीच काढा. गाड्या बहुतेक हाताच्या गिअरच्या आणि स्टिअरिंग डावीकडे. हे सगळं दोन दिवसांत जमतं.

जमत नाही ते जुन्या गावात शिरणं. बहुतेक जुन्या वस्त्यांत वाहनबंदीचा पट्टा असतो, फलकावर झेड-टी-एल ही रोमन अक्षरं लिहिलेली. त्या वेळेत आत गेलात की कॅमेरा नंबर टिपतो. मी एका गावात राहायच्या घरापर्यंत सामान पोचवायला तीनदा आत-बाहेर केलं. दंडाच्या तीन वेगवेगळ्या नोटिसा पाच महिन्यांनी नाशिकला घरी आल्या, वर भाड्याच्या गाडीवाल्या कंपनीनं प्रत्येक वेळी माझा पत्ता कळवल्याचे वेगळे पैसे कार्डावरून कापले. तेव्हा फार मनस्ताप झाला.

म्हणून ओर्तीजात आणि चेफालूत गाडी नकोच. घ्यायचीच तर सिराकूझाहून एका दिवसासाठी घ्या आणि नोतो, वेंदिकारी, मार्त्सामेमी करा. तिन्ही एका ओळीत आहेत. मार्त्सामेमीला राहायची गरज नाही. ट्यूनाच्या जुन्या कारखान्याभोवतीचा दगडी चौक, दोन होड्या, एक जेवण, संध्याकाळी परत.

कुडाळी (१५ जानेवारी, सकाळी १०:४०)

लेकीसाठी: पुपी, म्हणजे तिथल्या बाहुल्यांचा खेळ जरूर दाखवा. पालेर्मोत आहे आणि ओर्तीजातही. चिलखत घातलेले शार्लमेन राजाचे सरदार, ओर्लांदो, रिनाल्दो, तलवारींची खणाखणी, आणि हे सगळं युनेस्कोनं २००१ मध्ये मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलेलं.

मी पिंगुळीजवळचा. ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या बघत मोठा झालो. आपली बाहुली दोरीवर नाचते, हलकी. तिथली जड असते आणि डोक्यातून लोखंडी सळई जाते, त्यामुळे चाल वेगळीच, पाय आपटत येते. खेळ संपल्यावर मी मागं जाऊन एक उचलून बघितली, हात भरून आला. भाषा कळली नाही तरी काही अडत नाही.

मुळाकाठ (१६ जानेवारी, रात्री ९:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता बदलला: कतानिया १, ओर्तीजा ४, चेफालू ४, पालेर्मो १. गाडी नाही. ताओर्मिना आणि त्रापानी दोन्ही सोडतेय, आगरकन्या, तुमचं वाचून त्रापानी सोडताना जीव तुटला. व्हिसासाठी मुंबईची वेळ घेतली. घरं रद्द करता येतील अशीच घेतलीत.

मुळाकाठ (१४ जून, दुपारी ४:१५)

परत आलो. वचन दिलं होतं म्हणून लिहितेय, आणि पुढं कुणाला उपयोग होईल म्हणूनही.

कतानियाला एकच रात्र होती, तिथली मासळीबाजारातली सकाळ मला सगळ्यात आधी आठवते. चौकाशेजारी काळ्या दगडाची फरसबंदी, त्यावरून वाहणारं पाणी, आणि तलवारमाशाचं मुंडकं चोच वर करून उभं ठेवलेलं. लेक आधी घाबरली, मग जवळ जाऊन डोळा बघून आली. तारल्या ओळखीच्या वाटल्या, माकूलही. हर्णैच्या लिलावासारखाच आरडाओरडा. एटनाच्या माथ्यावर ढग होता, विमानतळावर उतरताना मात्र स्वच्छ दिसला होता, तेवढ्यावर लेकीनं समाधान मानलं.

ओर्तीजा. दर्यावर्दी, तुम्ही लिहिलं होतंत ते सगळं तसंच. आम्ही रविवारी पोचलो आणि अपोलोच्या देवळाशेजारचा बाजार बंद होता, एवढंच हुकलं, सोमवारी गेलो. त्या गल्लीत लेकीनं खांबाला मिठी मारली, हात एक चतुर्थांशही पोचले नाहीत. सासूबाई आत बाकावर बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "गाभारा बदलला, देऊळ तेच आहे गं." त्यानंतर चारही दिवस सकाळी त्या एकट्या तिथं जाऊन बसायच्या. आमच्या घरापासून सपाट सहा मिनिटं. आरेतुसाच्या झऱ्यावरही जायच्या. समुद्राला लागून गोड्या पाण्याचा झरा आणि त्यात पपायरसची झाडं, याचं त्यांना फार नवल.

ग्रीक रंगमंडलात मे-जूनमध्ये नाटकं चालतात म्हणून दगडी पायऱ्यांवर लाकडी बैठका चढवलेल्या होत्या, मूळ दगड कमी दिसला. हे आधी माहीत असू द्या. शेजारच्या डायोनिसिअसच्या कानात, म्हणजे त्या उंच गुहेत, लेकीनं 'ये रे ये रे पावसा' म्हटलं आणि आवाज असा घुमला की पुढचा गट थांबून ऐकत राहिला.

मनस्ताप झाला तो घराचा. जाहिरातीत लिफ्ट लिहिली होती. लिफ्ट होती, पण तिच्या दारापर्यंत पोचायलाच अठरा पायऱ्या. सासूबाईंचा जिना आम्ही मोजून, दिवसातून दोनदाच, असा वाटून घेतला. तुम्ही घर घेताना मालकाला सरळ विचारा: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? चेफालूच्या घराला मी हाच प्रश्न लिहून पाठवला, उत्तर आलं 'तीन', आणि खरंच तीन निघाल्या.

ओर्तीजा ते चेफालू हा दिवस जड गेला. सकाळी आठला निघालो, कतानियाला बस बदलली, पालेर्मोला गाडी धरली, पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पण बेटाच्या मधून जाताना गहू पिवळा झालेला आणि डोंगराच्या डोक्यावर एन्ना शहर, ते बघत वेळ गेला. वाटेत सगळीकडे फड्या निवडुंग. त्याच्या फळाला तिथं 'हिंदुस्थानी अंजीर' म्हणतात, मुळात ते अमेरिकेतून आलेलं. बसमधल्या एका बाईंनी सांगितलं की शेतकरी जूनमध्ये पहिला बहर मुद्दाम झाडून टाकतात, म्हणजे दुसऱ्या बहराची फळं उशिरा येतात पण मोठी आणि गोड. सासूबाईंनी लगेच डाळिंबाच्या बहराशी जुळवून घेतलं, त्यांचं माहेर सांगोल्याचं.

चेफालू मात्र माझं. रोज संध्याकाळी चपला अडकवायच्या आणि निघायचं. पाणी थंड होतं, खरंच झोंबलं. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी मी आत गेले, लेक तर बाहेर यायला तयार नव्हती. ती आणि तिचे बाबा ला रोक्का चढून आले. त्या वेळात मी आणि सासूबाई जुन्या धुण्याच्या घाटावर होतो. पायऱ्या उतरून खाली, दगडी टाकी ओळीनं, आणि सिंहाच्या तोंडांतून गार पाणी पडतंय. दगड हातांनी आणि कपड्यांनी इतका गुळगुळीत झालाय की त्यावर खळगे पडलेत. सासूबाईंनी त्या खळग्यात तळवा ठेवला, तो बरोबर बसला. म्हणाल्या, आमच्या विहिरीवरच्या दगडाला असाच खळगा होता.

पालेर्मोत शेवटच्या दिवशी पाणेल्ले खाल्ले. तीळ लावलेल्या पावात बेसनाच्या पातळ तळलेल्या वड्या, वर लिंबू. सासूबाईंनी गाडीवाल्याचं पीठ बघितलं, ताटावर पसरलेलं बघितलं आणि लगेच ओळखलं: "ही पाटवडी आहे. फोडणी न देता तळली एवढंच." त्यांनी पाव बाजूला ठेवला आणि चार वड्या नुसत्याच खाल्ल्या.

तिखटमीठ (१४ जून, संध्याकाळी ५:३०)

पाटवडी! आईला आत्ताच फोन करून सांगते. तुपाचं काय केलंत?

मुळाकाठ (१४ जून, संध्याकाळी ५:५२)

नेलं नाही. तुमचं वाचून शेवटच्या क्षणी बॅगेतून काढलं. मेतकूट-भातावर तिथलं ऑलिव्ह तेल घातलं, सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून तक्रार केली नाही.

खाडीपल्याड (१४ जून, रात्री ८:४०)

सुंदर वर्णन. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार करतोय, तेव्हा चेफालू कसं असेल?

दर्यावर्दी (१४ जून, रात्री ९:२५)

ऑक्टोबर संपेपर्यंत पाणी मेपेक्षा उबदारच असतं, कारण उन्हाळाभराची ऊब त्यात असते. पण पावसाळी दिवस सुरू होतात, काळोख लवकर पडतो, आणि किनाऱ्यावरच्या खुर्च्या-छत्र्या, काही खाणावळी बंद होतात. पोहणं हाच हेतू असेल तर दिवाळी लवकर असलेल्या वर्षी जा. गावं बघायची असतील तर बिनधास्त जा, आणि निवडुंगाची ती दुसऱ्या बहराची फळं तेव्हा बाजारात आलेली असतात. सोललेलीच मागा, काटे दिसत नाहीत इतके बारीक असतात.

आगरकन्या (१४ जून, रात्री १०:१०)

मुळाकाठ, डाळिंबाचं वाचून छान वाटलं. त्रापानीला पुढच्या वेळी ऑगस्टच्या शेवटी जा, मीठ काढताना बघायला मिळेल. मला कळवा, कोणत्या खाचरांकडे जायचं ते नकाशावर खूण करून पाठवते.

मुळाकाठ (१४ जून, रात्री १०:३२)

आगरकन्या, खूण आत्ताच पाठवा. सासूबाई विचारतायत, तिथं मुक्कामाच्या घराला पायऱ्या किती?